‘गिव्ह अप’ : सोडणे आणि न सोडणे

विद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तेव्हा विद्यालयाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा असणे साहजिक होते. तो आढावा आमच्याहून ज्येष्ठ मंडळी याच अंकात घेतील. आम्ही येथे इंग्रजीतील दोन छोट्या शब्दांविषयी लिहिणार आहोत. ते शब्द म्हणजे ‘गिव्ह अप’. या दोन शब्दांनी आम्हाला एकदा एका पालकासमोर मान खाली घालायला लावली आणि त्यानंतर पुष्कळ काही शिकविले. ते ऋण या निमित्ताने मान्य करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

गोष्ट २००१ सालातील आहे. विद्यालयात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी होती आणि नववीचे इंग्रजी आमच्याकडे आले होते. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. आमच्यासमोर बसलेली मुले त्यापूर्वीची. त्यांनी इंग्रजी अक्षर पहिल्यांदा गिरविले ते पाचवीत, आणि तेही वर्षातले निम्मे महिने आईवडिलांबरोबर साखर कारखान्याच्या तळावर काढीत. अशा वर्गात एके दिवशी आम्ही फळ्यावर वाक्य लिहिले : ‘माय फादर गेव्ह अप स्मोकिंग.’ मागच्या बाकावरील एका मुलाला उभे करून अर्थ विचारला. तो बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “माझ्या वडिलांनी धूर वर दिला.”

वर्गात हशा पिकला. खेदाची गोष्ट ही की आम्हीही हसलो. त्यानंतर त्या मुलाने इंग्रजीच्या तासाला तोंड उघडले नाही.

वास्तविक त्या मुलाचे काय चुकले होते? ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, हे आम्हीच त्याला शिकविले होते. दोन शब्द एकत्र आले की त्यांचा तिसराच अर्थ होतो, हे मात्र आम्ही शिकविले नव्हते. क्रियापदाला ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘इन’ असा लहानसा शब्द जोडून इंग्रजी भाषा शेकडो नवी क्रियापदे घडविते. ‘अप’ या शब्दाला तेथे वर-खाली या दिशेखेरीज आणखी एक अर्थ आहे : पूर्णपणे, शेवटपर्यंत. ‘ईट अप’ म्हणजे ताटातले सगळे खाऊन टाकणे. ‘यूज अप’ म्हणजे असलेले सर्व वापरून संपविणे. त्याच चालीने ‘गिव्ह अप’ म्हणजे हातचे पूर्णपणे सोडून देणे.

आणि याचे नवल मराठी माणसाने तरी करू नये. आपण ‘सोडून देणे’ म्हणतो, ‘फेकून देणे’ म्हणतो. त्या ‘देण्या’त कोणी कोणाला काय देतो? ‘भाकरी खाऊन टाक’ असे आई म्हणते, तेव्हा भाकरी खायची की टाकायची? एखाद्या परक्याने या वाक्याचा शब्दशः अर्थ लावला तर तोही त्या मुलासारखाच फसेल. हे आम्हाला त्याच तासाला सुचायला हवे होते. ते सुचले काही आठवड्यांनंतर, आणि तेही एका निरक्षर माणसाने आमचे डोळे उघडल्यावर.

सहामाही परीक्षेत त्या मुलाला इंग्रजीत शंभरापैकी ९ गुण मिळाले. दसरा होऊन गेला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. विद्यालयाच्या फाटकाबाहेर एक ट्रक उभा राहिला. त्यात भांडीकुंडी, सरपण, दोन शेळ्या आणि बायामाणसे. त्यातून मुलाचे वडील उतरले आणि मुलाला भेटून जाण्यासाठी आत आले. आम्ही त्यांना कार्यालयात बोलाविले, गुणपत्रक दाखविले आणि सरळ सांगितले, “याचे इंग्रजी होणार नाही. आम्ही आता हात टेकले. दहावीला नापास होण्यापेक्षा त्याला एखाद्या कामाला लावलेले बरे.”

ते गृहस्थ थोडा वेळ उभेच राहिले. डोक्यावरचा पटका काढून त्यांनी हातात घेतला आणि म्हणाले, “गुरुजी, आमचा कोयता सुटंना, म्हणून तर पोराला हितं सोडलं. आता तुमीच सोडलं, तर त्यानं कुणाकडं बघावं?”

मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत कोयता सुटणार नाही. आणि कोयता सुटत नाही म्हणून मुलाला वसतिगृहात सोडलेले. एका वाक्यात त्यांनी ‘सोडणे’ आणि ‘सुटणे’ तीनदा वापरले आणि तिन्ही वेळा निराळ्या अर्थाने. बापाने मुलाला ‘सोडले’ ते विश्वासाने कोणाच्या तरी हाती सोपविण्यासाठी. आम्ही त्याला ‘सोडले’ ते आमचा त्रास वाचविण्यासाठी. आम्ही इतिहासात एम. ए. केलेले आणि फळ्यावर क्रियापदे शिकविणारे. क्रियापदाचा अर्थ मात्र त्या दिवशी आम्हाला त्या गृहस्थांनी शिकविला. ट्रक निघून गेला. त्या रात्री संध्याकाळच्या वंदनेनंतर आम्ही त्या मुलाला भोजनगृहात बोलाविले आणि प्रथम त्याची क्षमा मागितली. मग पाटी घेतली आणि ‘गिव्ह अप’पासूनच सुरुवात केली.

रोज अर्धा तास, असा तो उपक्रम पुढे दीड वर्ष चालला. हळूहळू आणखी सहा-सात मुले येऊन बसू लागली. आमचा विषय इतिहास. उदाहरणे इतिहासातूनच सुचत. ती येथे थोडक्यात देतो, कारण आजच्या विद्यार्थ्यांनाही ती उपयोगी पडतील.

पहिला उपयोग सवय किंवा काम कायमचे थांबविण्याचा. येथे पुढचे क्रियापद ‘इंग’ लावून येते : ‘गिव्ह अप स्मोकिंग’, ‘गिव्ह अप ड्रिंकिंग’. ‘गिव्ह अप टू स्मोक’ असे कोणी लिहिले तर ते चूक. वस्तूचे नाव मध्येही येते आणि शेवटीही. सर्वनाम मात्र मध्येच येते. म्हणून ‘गिव्ह इट अप’ म्हणावे, ‘गिव्ह अप इट’ म्हणू नये. या प्रकारासाठी आम्ही उदाहरण घेतले ते महाडच्या परिषदेचे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यापूर्वी त्याच परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि शिळे-उष्टे तुकडे सोडून देण्याचा उपदेश समाजाला केला. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. हे ‘सोडणे’ सोपे नव्हते. आमच्या आजोबांनी येसकरकीची पाळी सोडली, तेव्हा बलुत्याचे धान्य बंद झाले आणि घरात कित्येक दिवस एकवेळचीच चूल पेटली, असे आजी सांगत असे. सिगारेट सोडणाऱ्याची फक्त सवय सुटते. ज्याने येसकरकी सोडली, त्याने भाकरीही सोडली होती. दोन्हींना इंग्रजीत क्रियापद मात्र एकच.

दुसरा उपयोग आपली जागा, आपला हक्क किंवा पद दुसऱ्याच्या हवाली करण्याचा. या अर्थाचे जगप्रसिद्ध उदाहरण नकारार्थी आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स नावाची ४२ वर्षांची कृष्णवर्णीय शिवणकाम करणारी स्त्री बसने घरी चालली होती. एका गोऱ्या प्रवाशासाठी रांग रिकामी करा, असे चालकाने फर्मावले. शेजारचे तिघे उठले. त्या उठल्या नाहीत. त्यांना अटक झाली. इंग्रजीत ही घटना नेहमी एकाच वाक्यात सांगितली जाते : ‘शी रिफ्यूज्ड टू गिव्ह अप हर सीट.’ त्यानंतर तेथील कृष्णवर्णीय समाजाने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. माणसे मैलोन्मैल पायी चालली. नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निर्णय कायम केला. नागपूरला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली ती त्याच्या आदल्याच महिन्यात. पृथ्वीच्या दोन टोकांना दोन समाज एकाच वेळी, काय सोडायचे आणि काय सोडायचे नाही, याचा निर्णय करीत होते.

आपण शरीराने थकलो होतो म्हणून बसून राहिलो, हा समज रोझा पार्क्स यांनी पुढे आत्मकथनात खोडून काढला. त्या कंटाळल्या होत्या त्या सतत नमते घेण्याला. नमते घेणे यासाठी इंग्रजीत ‘गिव्ह इन’ असे शेजारचेच क्रियापद आहे. ‘गिव्ह इन’ म्हणजे दुसऱ्याच्या दडपणापुढे वाकणे. ‘गिव्ह अप’ म्हणजे स्वतःच प्रयत्न थांबविणे. मुले या दोहोंत नेहमी गोंधळ करीत, म्हणून ही बसची गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा सांगत असू.

तिसरा उपयोग प्रयत्न सोडून हार मानण्याचा. यापुढे कर्म नसले तरी चालते : ‘डोन्ट गिव्ह अप.’ येथे आम्ही बाबासाहेबांचे विद्यार्थिजीवन सांगत असू. १९१६ साली ते कोलंबियाहून लंडनला गेले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यास नोकरीसाठी गेले तर राहायला जागा मिळाली नाही. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. दुसरा कोणी असता तर लंडनचा विचार त्याने तेथेच सोडला असता. बाबासाहेबांनी १९२० साली प्राध्यापकाची नोकरी सोडली आणि ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली त्यांना डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. नोकरी सोडली ती ध्येय सोडायचे नव्हते म्हणून. १९५१ च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हाही हेच. ‘ही गेव्ह अप हिज पोस्ट’ हे वाक्य खरे. ‘ही गेव्ह अप’ एवढेच वाक्य मात्र साफ खोटे. कर्म काढून टाकले की अर्थ उलटा होतो, हे व्याकरण मुलांना त्या दिवशी एका झटक्यात समजले.

चौथा उपयोग ‘गिव्ह अप ऑन’. याचा अर्थ एखाद्या माणसाविषयीची आशा सोडणे, त्याच्यावर पाणी सोडणे. हा उपयोग शिकविताना आमचा आवाज थोडा खाली येत असे. समोर तोच मुलगा बसलेला असे. येथे आम्हाला उपयोगी पडली ती तथागतांची कथा. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून युद्ध पेटत होते. सिद्धार्थाने त्या युद्धाला विरोध केला आणि गृहत्याग पत्करला, असे बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मांडले आहे. पुढे सहा वर्षांच्या देहदंडानंतर तो मार्ग निष्फळ आहे हे ओळखून सिद्धार्थाने तोही सोडला आणि अन्न ग्रहण केले. त्याबरोबर त्याच्या पाच सोबत्यांना वाटले, हा ढळला. ते त्याला सोडून निघून गेले. त्याने देहदंड सोडला होता. त्यांनी त्याचीच आशा सोडली. ‘ही गेव्ह अप पेनन्स, दे गेव्ह अप ऑन हिम.’ संबोधीप्राप्तीनंतर बुद्ध सारनाथपर्यंत चालत गेले आणि पहिला उपदेश त्यांनी त्याच पाच जणांना केला. ज्यांनी त्यांच्यावर पाणी सोडले होते, त्यांच्यावर त्यांनी पाणी सोडले नाही.

‘पाणी सोडणे’ हा शब्दप्रयोगही मुलांना विचार करायला लावीत असे. दान देताना हातावर उदक सोडण्याच्या विधीतून तो मराठीत आला. ‘तिलांजली देणे’ हा मृताला तीळ-पाणी देण्याच्या विधीतून. आपल्या पूर्वजांना त्या विधींत स्थान नव्हते आणि ज्या पाण्याला त्यांना हात लावता येत नव्हता, त्या पाण्यासाठी महाडला लढावे लागले. तरीही ही भाषा आपली आहे. तिचे शब्द कोठून आले हे ठाऊक असले की ते जाणतेपणाने वापरता येतात.

मग एका रात्री त्याच मुलाने आम्हाला एक प्रश्न विचारला : “सर, आपण पंचशीलात रोज ‘वेरमणी’ म्हणतो, ते गिव्ह अपच ना?” आम्ही क्षणभर थांबलो. ‘वेरमणी’ म्हणजे विरत होणे, दूर राहणे. त्याचे म्हणणे बरोबर होते. पण प्रत्येक शील संपते ते ‘समादियामि’ या शब्दाने, आणि त्याचा अर्थ आहे ग्रहण करतो. इंग्रजीत त्याला ‘टेक अप’ म्हणता येईल. हिंसेपासून विरत राहण्याचा नियम आपण ग्रहण करतो. सोडणे आणि घेणे एकाच श्वासात. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि त्यानंतर २१ वर्षे, काय घ्यायचे, याचा शोध घेतला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतील एकोणिसाव्या प्रतिज्ञेत जुन्या धर्माचा त्याग आणि बौद्ध धम्माचा स्वीकार एकत्रच आहेत. नुसते सोडून समाज रिकामा होतो, हे त्यांनी ओळखले होते. त्या मुलाच्या एका प्रश्नाने आम्हाला हे नव्याने दिसले. याच मुलाचे डोके चालत नाही, असे आम्ही कार्यालयात बसून त्याच्या वडिलांना ऐकविले होते.

मार्च २००३ च्या शालान्त परीक्षेत त्याला इंग्रजीत ४३ गुण मिळाले. एवढ्या गुणांचे कौतुक कोणी वर्तमानपत्रात छापीत नाही. आम्ही मात्र ते गुणपत्रक कितीतरी वेळ हातात धरून बसलो होतो.

येथे लेख संपविला असता तर तो ऐकायला गोड झाला असता, पण तो खरा झाला नसता. त्यानंतर काही वर्षांनी आठवीतील एक हुशार मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली नाही. तिचे लग्न ठरल्याचे कानावर आले. आम्ही तिच्या घरी दोन पत्रे पाठविली. उत्तर आले नाही. तिचे गाव एसटीने दोन तासांवर होते. परीक्षा होत्या, तपासणी होती, कारणे पुष्कळ होती. आम्ही गेलो नाही. जानेवारीत हजेरीपटावरील तिच्या नावावर लाल रेघ ओढली ती आमच्याच हाताने. ‘गिव्ह अप ऑन’चे सगळे नियम तोंडपाठ असताना हे घडले. तेव्हापासून विद्यालयात एक रीत पाडली गेली : सुट्टीनंतर आठ दिवसांत जे मूल येत नाही, त्याच्या घरी एक शिक्षक स्वतः जातो. या रीतीमुळे काही मुली परत आल्या, काही आल्या नाहीत. पण ती पहिली मुलगी आता कोठे आहे, हे आम्हाला सांगता येत नाही, आणि त्याची टोचणी आजही आहे.

सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण माजी विद्यार्थ्यांना गेले, तेव्हा पहिल्या काही दूरध्वनींत एक त्या मुलाचाही होता. तो आता एका कारखान्यात पर्यवेक्षक आहे. बोलता बोलता म्हणाला, “सर, वडिलांनी कोयता गिव्ह अप केला. मुकादमाचे सगळे फिटले.” थोडे थांबून त्याने विचारले, “हे वाक्य बरोबर आहे ना?” आम्ही म्हटले, “अगदी बरोबर आहे.” त्याचे वडील समारंभाला येणार आहेत. त्यांना आम्ही पहिल्या रांगेत बसविणार आहोत आणि ती जागा कोणी मंत्रिमहोदय आले तरी रिकामी करून दिली जाणार नाही.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना या निमित्ताने एक विनंती आहे. वसतिगृहात आजही संध्याकाळच्या वंदनेनंतर भोजनगृहात इंग्रजीचा तो अर्धा तास चालतो; मुले पुष्कळ आहेत, शिकविणारे हात कमी आहेत. महिन्यातून एक शनिवार जरी कोणी देऊ शकला, तरी त्याने अवश्य यावे. आणि पालकांना एवढेच सांगणे आहे : तुम्ही विश्वासाने येथे सोडलेले मूल आम्ही सोडणार नाही. कधी आमच्याकडून तशी चूक होऊ लागली, तर त्या गृहस्थांप्रमाणे तुम्हीही कार्यालयात येऊन आम्हाला विचारावे. तो तुमचा अधिकार आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.